पुनरुक्ती आहे. बरं, मग पुढे?

"इथे पुनरुक्ती आहे, त्यामुळे भाषण प्रभावी होते." आज एका विद्यार्थ्याच्या वहीत वाचलेलं उत्तर. चूक काहीच नाही, पण हे वाक्य कुठल्याही भाषणाखाली चिकटवता येईल की!

प्रश्न शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मधला. तिसरा अंक, दुसरा प्रवेश: सीझरचा खून झालाय आणि त्याचा मित्र अँटनी जमावापुढे भाषण करतोय. खून करणाऱ्या कटवाल्यांना दोष द्यायचा नाही, या अटीवर त्यांच्यातल्याच ब्रूटसने त्याला बोलू दिलंय. म्हणून तो ब्रूटसला 'सन्माननीय' म्हणतच राहतो. पण सीझर महत्त्वाकांक्षी होता, या ब्रूटसच्या आरोपाविरुद्ध मधल्या ओळींत काय सरकवतो ते बघा: सीझरने कैद्यांच्या खंडणीने रोमचा खजिना भरला, गरिबांसाठी रडला, तीनदा मुकुट नाकारला. ब्रूटसची स्तुती तीच, पुरावा वाढत जातो, आणि स्तुतीचा टोमणा होतो.

उत्तरात हे हवं. काय पुन्हा येतं, दोन वेळांच्या मध्ये काय येतं, जमाव कुठे फिरतो. अलंकाराचं नाव शेवटी आलं तरी चालतं (मुलं नेमकं तेवढंच पाठ करतात).

आणि हो, ब्रूटस त्याच जमावापुढे गद्यात बोलतो, अँटनी पद्यात. ही दोन्ही भाषणं वर्गात लागोपाठ, मोठ्याने कोण वाचून घेतं?