अपग्रेडनंतर बिघडलेली स्क्रीन आणि स्क्रीनशॉटची साक्ष

काही आठवड्यांपूर्वी मी माझ्या लॅपटॉपवरील लिनक्स डेस्कटॉप नव्या आवृत्तीवर नेला. अपग्रेड विनातक्रार पूर्ण झाले, परंतु संगणक पुन्हा सुरू केल्यावर दोन गोष्टी बिघडलेल्या दिसल्या. फाइल मॅनेजर, सेटिंग्ज आणि टेक्स्ट एडिटर यांच्या खिडक्यांत मजकूर वर-खाली सरकवताना काळे चौकोन उमटत आणि अक्षरांचे तुकडे मागे राहत. शिवाय काही वाचत स्वस्थ बसले असता मधूनच संपूर्ण स्क्रीन क्षणभर लुकलुकत असे. दोन्ही दोष एकाच दिवशी आले म्हणून त्यांचे मूळही एकच असणार असे मी गृहीत धरले, आणि त्या गृहीतकापायी शनिवार-रविवार वाया गेले.

अशा अपग्रेडमध्ये ग्राफिक्सशी संबंधित बरेच काही एकदम बदलते. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बदलतो आणि त्याच्यासोबत ग्राफिक्स चिप चालवणारा ड्रायव्हर बदलतो. ओपनजीएल व व्हल्कन या चित्र रेखाटण्याच्या प्रणालींची अंमलबजावणी करणारा मेसा हा १९९३ पासून चालत आलेला प्रकल्प नव्या आवृत्तीवर जातो. सर्व खिडक्या एकत्र जुळवून एक चित्र तयार करणारा कंपोझिटर बदलतो. आणि प्रत्येक प्रोग्रामची खिडकी रेखाटणारी लायब्ररीही बदलते. कधी कधी तर १९८७ पासूनच्या एक्स११ या खिडक्या दाखवण्याच्या व्यवस्थेऐवजी २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडवर सेशन जाते आणि ते वापरणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे यांपैकी नेमका कोणता थर बिघडला आहे हे ठरवण्याआधी इंटरनेटवर सापडलेले उपाय एकामागून एक करून पाहणे म्हणजे अंधारात तीर मारणे होय.

थर ओळखण्याची सर्वांत सोपी चाचणी म्हणजे स्क्रीनशॉट. कंपोझिटरने तयार केलेले चित्र पडद्याकडे जाण्यापूर्वीच स्क्रीनशॉटमध्ये टिपले जाते. म्हणून काळा चौकोन स्क्रीनशॉटमध्येही दिसला तर चित्र रेखाटतानाच चूक झाली आहे, आणि संशय मेसा, कंपोझिटर किंवा प्रोग्रामच्या लायब्ररीवर घ्यावा. डोळ्यांना दोष दिसतो पण स्क्रीनशॉट स्वच्छ येतो, अशा वेळी चित्र तयार झाल्यानंतरच्या मार्गात, म्हणजे कर्नलचा ड्रायव्हर, केबल किंवा पॅनेल यांत शोध घ्यावा. एक काळजी मात्र घ्यायला हवी: स्क्रीनशॉट घेण्याच्या क्रियेमुळे स्क्रीन पुन्हा रेखाटली जाऊ शकते आणि क्षणिक दोष त्यातच पुसला जाऊ शकतो, म्हणून एका स्वच्छ चित्रावर विसंबून न राहता चाचणी चार-पाच वेळा करावी.

माझ्या बाबतीत काळे चौकोन स्क्रीनशॉटमध्ये उतरले आणि लुकलुकणे उतरले नाही. दोन दोष, दोन थर. हे कळल्यावर पुढचे काम बरेच सरळ झाले.

चौकोन ठरावीक प्रोग्राममध्येच दिसत होते, ब्राउझरमध्ये नाही. बिघडलेले सर्व प्रोग्राम जीटीके ४ या लायब्ररीवर आधारलेले होते, तर ब्राउझर आपल्या पानांचे रेखाटन स्वतःच करतो. जीटीकेने २०२४ मध्ये आपली रेखाटनाची पद्धत दोनदा बदलली: ४.१४ या आवृत्तीत ओपनजीएलसाठी नवा रेंडरर (रेखाटन करणारा भाग) आला, आणि ४.१६ पासून वेलँडवर व्हल्कन रेंडरर मूळ पर्याय झाला. जीएसके_रेंडरर या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना वाचतो त्या सेटिंगला, जीएल हे मूल्य देऊन मी टर्मिनलमधून टेक्स्ट एडिटर उघडला, तेव्हा चौकोन पूर्ण नाहीसे झाले. मूल्य पुन्हा व्हल्कन केले की परत आले. दोष लायब्ररीचा की माझ्या जुन्या चिपच्या व्हल्कन ड्रायव्हरचा, हे एवढ्याने सिद्ध होत नाही, पण कोणत्या मार्गावर चूक होते ते निश्चित होते. जीएल हे मूल्य देणारी ओळ होम फोल्डरमधील कॉन्फिग फोल्डरात, एन्व्हायर्नमेंट डॉट डी या उपफोल्डरातील एका फाइलमध्ये लिहून ठेवली की पुढच्या लॉगिनपासून ती सर्व प्रोग्रामना लागू होते.

लुकलुकण्याचा छडा लावायला अधिक वेळ लागला. बाहेरून जोडलेल्या मॉनिटरवर तो दोष मुळीच नव्हता, आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवरही माउस हलवत राहिले की तो थांबत असे. स्तब्ध चित्रावरच दिसणारा दोष असला की पॅनेल सेल्फ रिफ्रेश, अर्थात पीएसआर, या सोयीचा विचार करावा. चित्र बदलत नसेल तेव्हा पॅनेल ते स्वतःच्या मेमरीतून दाखवत राहते आणि चिपकडून पॅनेलकडे जाणारी जोडणी वीज वाचवण्यासाठी विसावते. ती पुन्हा जागी होताना वेळेचा मेळ बसला नाही की स्क्रीन लुकलुकते. ग्रब, म्हणजे संगणक सुरू होताना कर्नल निवडू देणारा प्रोग्राम, याच्या यादीतून जुना कर्नल निवडून संगणक सुरू केला तेव्हा, बाकी सर्व नवेच असूनही, दोष दिसला नाही. मोडइन्फो या आज्ञेला ड्रायव्हरचे नाव दिले की त्याचे सर्व पर्याय समोर येतात. माझ्या ड्रायव्हरमध्ये पीएसआर बंद करण्याचा पर्याय होता. ग्रबमध्ये 'ई' ही कळ दाबून लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी तो पर्याय लिहिला, तर तो केवळ त्या एका वेळेपुरता लागू होतो. ही पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण प्रयोग फसला तरी संगणक पुन्हा सुरू करताच सर्व पूर्ववत होते.

याच टप्प्यावर नोमोडसेट हा कर्नलचा पर्याय कायमचा लिहून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि त्याबद्दल मला कळकळीने सांगावेसे वाटते. स्क्रीनचे रिझोल्यूशन कर्नलनेच ठरवण्याची कर्नल मोड सेटिंग ही व्यवस्था २००९ मध्ये कर्नलच्या २.६.२९ या आवृत्तीत आली. चिपची पूर्ण क्षमता वापरणारे आजचे ड्रायव्हर तिच्यावरच उभे आहेत. नोमोडसेटने ती बंद होते, रेखाटनाचा सर्व भार प्रोसेसरवर पडतो, आणि अनेकदा ब्राइटनेस बदलणे व दुसरा मॉनिटर जोडणे या सोयीही जातात. स्क्रीन पूर्ण काळी पडली असता आत शिरण्यापुरता तो वापरावा, दुरुस्ती झाली की काढून टाकावा.

दोन्ही दोषांच्या तक्रारी मी संबंधित विकासकांकडे स्वतंत्रपणे नोंदवल्या. त्यांत चिपचे नाव, कर्नल व मेसाच्या आवृत्त्या, प्रणालीच्या जर्नल या नोंदवहीतील कर्नलच्या नोंदी आणि कोणत्या बदलाने दोष जातो व येतो हे लिहिले. चौकोनांसाठी स्क्रीनशॉट जोडला, तर लुकलुकण्यासाठी फोनवर घेतलेला व्हिडिओ. सध्या पीएसआर बंद असल्यामुळे बॅटरीचा थोडा जास्त खर्च मी सोसत आहे. दोन्ही तात्पुरते बदल तारखेसह एका फाइलमध्ये लिहून ठेवले आहेत. कर्नलची किंवा मेसाची नवी आवृत्ती आली की ते एकेक करून काढून पाहणार आहे.