आमची वाटचाल: टनेल अप होता, गाडी मात्र गेटवर उभी होती

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सुरुवात केली. कामं म्हणजे कॉम्प्युटर फॉरमॅट करणं, प्रिंटर जोडणं, केबल ओढणं. बिलं आणि वसुली बायको बघायची, आजही तीच बघते.

मग भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या एका ग्राहकानं चाकणला दुसरा प्लांट टाकला. त्यांनी विचारलं, "इथलं सॉफ्टवेअर तिकडं दिसेल का?" लीज्ड लाईन, म्हणजे फक्त आपल्यासाठी भाड्यानं घेतलेली लाईन, त्यांना परवडणारी नव्हती. म्हणून दोन्हीकडे स्टॅटिक आयपीचं (स्वतःहून न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्याचं) ब्रॉडबँड, दोन राउटर आणि मधे जीआरई नावाच्या पद्धतीचा टनेल. टनेल म्हणजे पाकिटात पाकीट. आतल्या पाकिटावर चाकणच्या कॉम्प्युटरचा पत्ता, बाहेरच्यावर फक्त दोन राउटरचे. आमच्या धंद्याला खरं वळण त्या कामानं दिलं, आणि आमचा सगळ्यात मोठा धडाही तिथेच मिळाला.

बुधवारची संध्याकाळ होती. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, त्यामुळे माल त्याच रात्री निघायला हवा होता. चाकणच्या डिस्पॅचमधून फोन आला, "साहेब, गाडी भरून गेटवर उभी आहे आणि चलन निघत नाहीये. नेट तर चालू आहे आमचं." मी भोसरीच्या राउटरवर पाहिलं. टनेल झीरो अप, लाईन प्रोटोकॉल अप, म्हणजे राउटरच्या मते जोडणी चालू. मी ठामपणे सांगितलं, "लाईन व्यवस्थित आहे, तुमचं सॉफ्टवेअर बघा." दीड तास ते सॉफ्टवेअरवाल्याच्या मागे लागले. शेवटी मोशीचं ट्रॅफिक पार करून मी स्वतः चाकणला पोचलो. दुपारी तिथल्या लाईनची दुरुस्ती झाली होती आणि त्यात आयपी बदलला होता. भोसरीचा राउटर जुन्याच पत्त्यावर पाकिटं पाठवत बसला होता.

मग तो अप कसा दाखवत होता? साधा जीआरई टनेल समोर कुणी आहे की नाही हे विचारतच नाही. समोरच्या पत्त्याकडे जाणारा रूट, म्हणजे वाट, आपल्या राउटरकडे असला की त्याला पुरतं, आणि वेगळी वाट नसलेल्या पाकिटांसाठीचा डीफॉल्ट रूट तर कायमच असतो. खरी गोष्ट त्याच स्क्रीनवर, थोडी खाली लिहिलेली होती. पाच मिनिटांचा इनपुट रेट शून्य. आउटपुटचा आकडा वाढतोय, इनपुटचा जागचा हलत नाही. मी पहिली ओळ वाचून थांबलो होतो. गाडी रात्री अकरानंतर सुटली. त्या महिन्याचं बिल आम्ही लावलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे पद्धत ठरली. "अप आहे" असं ग्राहकाला कुणी सांगायचं नाही, आकडे सांगायचे. इनपुट-आउटपुट पॅकेट (आलेल्या-गेलेल्या पाकिटांचे आकडे) एकदा लिहायचे, मिनिटभर थांबून परत लिहायचे, आणि हे दोन्ही टोकांवर करायचं. एका टोकाचं आउटपुट आणि दुसऱ्याचं इनपुट जवळपास सारखं वाढलं पाहिजे. इथून निघतात पण तिथे पोचत नाहीत, तर दोष वाटेत किंवा पत्त्यात. तिथे पोचतात पण परत येत नाहीत, तर पलीकडचा रूट किंवा फायरवॉल. शिवाय प्रत्येक टनेलवर कीपअलाइव्ह, म्हणजे समोरच्याला "आहेस का" ही विचारणा, दर 10 सेकंदांनी, 3 प्रयत्न. समोरून उत्तर नाही आलं तर टनेलनं स्वतःला डाऊन म्हणायचं आणि वाहतूक बॅकअपवर जायची.

मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्यांकडे वेगळाच त्रास होता. पिंग (पोचतंय का ते तपासणारं लहान पॅकेट) जातो, लॉगिन उघडतं, पण खातेउतारा मागितला की स्क्रीन गोठते. आम्ही दोन दिवस सर्व्हरवर संशय घेतला, निघाला एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा, प्रश्न. इथरनेटचं पॅकेट 1500 बाइटचं, त्यात जीआरई आपले 24 घालतो, म्हणजे आत उरले 1476. ब्रॉडबँड पीपीपीओईचं (युजरनेम-पासवर्डनं जोडणारं) असेल तर आणखी 8 गेले, आणि डेटा गुप्त करणारा आयपीसेक चढवला की त्याहून जास्त. लहान पॅकेट निघून जातं, मोठं वाटेत टाकलं जातं आणि पाठवणाऱ्याला कळतही नाही. एमटीयू 1400 आणि एमएसएस (पॅकेटमधल्या मूळ डेटाची मर्यादा) 1360 केलं आणि उतारा झरकन उघडला. शेठ गादीवरून उठून स्वतः बघायला आले.

फायबर आल्यावर लाईन किती भरली ते दाखवणारे आमचे आलेखच चुकायला लागले. लाईन भरल्याची तक्रार, आणि आलेखात ती अर्धीही भरलेली नाही. आम्ही दर पाच मिनिटांनी वाचत होतो तो डेटा मोजणारा काउंटर 32 बिटांचा. 4.29 जीबी झाले की तो पुन्हा शून्यापासून मोजतो. 100 एमबीपीएसला याला पावणेसहा मिनिटं लागतात, 200 ला तीनही नाहीत. म्हणजे दोन वाचनांमध्ये एक फेरा गुपचूप पूर्ण होत होता. 64 बिटांचे काउंटर लावले आणि आलेख खरं बोलायला लागले.

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला आणि ग्राहकांच्या अकाउंट्सची माणसं घरून काम करायला लागली. वायरगार्ड हे सुरक्षित टनेल जोडणारं सॉफ्टवेअर लिनक्सच्या 5.6 कर्नलमध्ये (गाभ्यात) त्याच महिन्यात आलं, आम्ही पुढच्या काही महिन्यांत ते शिकून घेतलं. तिथे तर अप-डाऊनला फारसा अर्थच नाही. शेवटचा हँडशेक (दोन्ही टोकांनी एकमेकांची ओळख पटवणं) किती वेळापूर्वी झाला आणि किती डेटा आला-गेला, एवढंच बघायचं. वाहतूक चालू असेल तर साधारण दर दोन मिनिटांनी नवा हँडशेक होतो. नुसता जुना हँडशेक म्हणजे बिघाड नव्हे, कुणी काम करत नसेल. पण पाठवलेला डेटा वाढतोय आणि हँडशेक दहा मिनिटांपूर्वीचा आहे, तर फोन उचलायचा.

आता आम्ही सात जण आहोत, ऑफिस वारज्याला आहे. भोसरीचे ते ग्राहक अजूनही आमच्याकडेच आहेत. त्यांच्या चाकण प्लांटला आता दोन टनेल आहेत, दोन वेगळ्या लाईनवर. दर बुधवारी दुपारी दोनला, डिस्पॅचची घाई सुरू व्हायच्या आधी, आमच्या ऑफिसातला मुलगा मुख्य लाईनची केबल काढतो, बॅकअपचे इनपुट-आउटपुट दोन्ही वाढल्याचं बघतो आणि मग केबल परत लावतो. चारही आकडे तो डिस्पॅचच्या ग्रुपवर टाकतो. त्यावर तिकडून चलनाचा फोटो येतो.