तुम्ही विचारलंत म्हणून : पडद्यावरची बंदूक

‘काका, घोडे पळतायत, धूळ उडतेय, माणसं पडतायत, आणि त्यात तुम्हाला बंदूक कुठली ते कळतं कसं?’ सोसायटीतल्या पोरांपासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांनी मला हे विचारून झालंय. व्याह्यांच्या आवाजात तर जरा काळजीही होती. म्हणून आधीच सांगून टाकतो. खरी बंदूक मी आयुष्यात एकदाच हातात धरली, कॉलेजात, एनसीसीत. पाचही गोळ्या टार्गेटच्या बाहेर गेल्या. बाकीचं सगळं ज्ञान खुर्चीतलं. अलका टॉकीजला सुरू झालं, आता लॅपटॉपवर चालू आहे.

फक्त एक आहे. मी तीसेक वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये, साचे आणि हत्यारं बनवण्यात काढली. जॉब, म्हणजे घडवायचा भाग, हातात आला की आधी स्क्रू कुठे, पिन कुठे, जोड कुठे, हे बघायची खोड लागली ती गेली नाही. वेस्टर्न, म्हणजे अमेरिकन काउबॉयच्या पिक्चरमध्ये हीरोच्या चेहऱ्याआधी माझी नजर त्याच्या कमरेवर जाते.

तिथे बहुतेक वेळा कोल्ट या अमेरिकन कंपनीचं 1873 सालचं ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ पिस्तूल असतं, ज्याला लोक पीसमेकर म्हणतात. ते ओळखणं सोपं. मजा पुढे आहे. गोळ्यांचा सिलिंडर ज्या आसावर फिरतो तो आस जागेवर धरायला सुरुवातीच्या पिस्तुलांत फ्रेमच्या पुढच्या बाजूने एक स्क्रू असायचा. 1890च्या दशकात तो गेला आणि आडवी आरपार जाणारी स्प्रिंगची खिटी आली. नळीच्या मुळाशी, फ्रेमच्या कडेला तिचं गोल डोकं दिसतं, शर्टाच्या बटणासारखं. गोष्ट 1876 सालची आणि कमरेला बटणवालं पिस्तूल, म्हणजे गडबड. आणि बटण दिसतंच, कारण कोल्टने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बंद केलेलं हे पिस्तूल टीव्हीवर वेस्टर्न मालिकांचं पेव फुटल्यावर 1956 मध्ये पुन्हा काढलं, तेही बटणासकट. पडद्याने बंदूक जगवली, मग तीच बंदूक पडद्यावर आली.

रायफलींचं प्रकरण याहून गमतीचं. पिक्चर 1870 सालचा असो की 1880 सालचा, हातात निघते विंचेस्टर कंपनीची 1892 सालची रायफल. जॉन वेन ‘स्टेजकोच’मध्ये (1939) एका हाताने गरकन फिरवतो ना, खाली मोठी कडी असलेली, तीच. त्या गोष्टीत जेरोनिमो या अपाची लढवय्याची दहशत आहे, आणि जेरोनिमो शरण आला 1886 मध्ये. म्हणजे बंदूक निदान सहा वर्षं आधीच पोचली. ओळखायची कशी? 1873च्या विंचेस्टरला बाजूला वेगळी पाटी बसवलेली असते, तिची कड उजेडात चमकते. 1892ची बाजू सपाट, एकसंध.

यावर ‘हॉलिवूडवाल्यांना अक्कल नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. आपल्याकडे ऐतिहासिक नाटकाला कपडेपट भाड्याने आणायचे तेव्हा शिवाजी महाराजांचा मावळा आणि पेशवाईतला शिलेदार एकाच अंगरख्यात उभे राहायचे. जे ट्रंकेत असेल ते अंगावर. तिथेही तसंच. विंचेस्टर 1892 दहा लाखांच्या वर बनली होती, त्यामुळे जुन्या बाजारात भरपूर आणि स्वस्त. शिवाय मुद्दा होता फुसक्या काडतुसांचा. पडद्यावर उडतं ते गोळी नसलेलं काडतूस, आणि हॉलिवूडमध्ये ‘फाइव्ह-इन-वन’ नावाचं एकच ब्लँक चालायचं : .38-40 आणि .44-40 या मापांच्या रायफली, त्याच दोन मापांची पिस्तुलं, वर .45चं कोल्ट. पाच हत्यारांना एक काडतूस! आमच्या स्टोअरकीपरला हे ऐकवलं असतं तर त्याने ते काढणाऱ्या माणसाचा फोटो लावून हार घातला असता. चित्रीकरणाच्या जागी दोनशे घोडेस्वार आणि संध्याकाळचा उजेड उतरत चाललेला असताना कुणाला कुठलं काडतूस द्यायचं हा घोळच नको. इतिहासाचा मास्तर नाराज होतो, पण शॉट मिळतो.

जिथे खर्च करायचा नसे तिथे सोंग. अमेरिकन सैन्याच्या जुन्या ट्रॅपडोर स्प्रिंगफील्ड रायफलींना गारगोटीने ठिणगी पाडणाऱ्या जुन्या बंदुकीचा खोटा घोडा (हातोडी) लावून शंभर वर्षं आधीच्या लढाईत उभं केलेलं आहे.

आता माझी फजिती. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (1966) मी इतक्या वेळा पाहिलाय की दुर्बीण लावलेली ती पितळी रायफल आली की मी आपला म्हणायचो, ‘हेन्री, 1860.’ पितळी पोट, नळीखाली लाकूड नाही, हेन्रीच. गोष्ट अमेरिकन यादवीच्या काळातली, तेव्हा सालही जुळतं. वर्षानुवर्षं हेच ऐकवलं. मग एका दिवाळीत भाच्याने चित्र थांबवलं, मोठं केलं आणि अगदी गरीब आवाजात विचारलं, ‘मामा, ही बाजूची झडप कसली?’

हेन्रीला झडप नसते. तिची काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात पुढच्या टोकाकडून भरायची. बाजूला झडप आली ती 1866च्या विंचेस्टरला. म्हणजे 1866च्या रायफलीचं पुढचं लाकूड काढून तिला हेन्री म्हणून नाचवलं होतं, आणि मी टूलरूमचा माणूस, फक्त लाकूड बघत बसलो. त्या पिक्चरची पिस्तुलंही अशीच : 1851च्या ठासणीच्या कोल्टमध्ये पितळी काडतुसं, जो बदल प्रत्यक्षात यादवी संपल्यावर काही वर्षांनी आला. नळीखाली गोळी ठासायचा दांडा तसाच, बिनकामाचा लटकलेला. इटलीत ब्रेशाजवळच्या गार्दोनेमध्ये उबेर्ती नावाच्या बंदूककारांनी 1959 मध्ये अशा जुन्या अमेरिकन बंदुकांच्या नकला करायला घेतल्या होत्या, त्यामुळे हा पिक्चर काढणाऱ्या इटालियन वेस्टर्नवाल्यांना माल घरचाच.

त्या दिवसापासून मी निकाल देण्याआधी चित्र थांबवतो. घरचे कंटाळतात, पण चूक भाच्याकडून ऐकण्यापेक्षा ते बरं.

परवा स्टीव्ह मॅक्वीनची ‘वाँटेड : डेड ऑर अलाइव्ह’ लावली होती, 1958 ते 61 या काळातली मालिका. त्यात तो विंचेस्टर 1892च नळी आणि दस्ता कापून पिस्तुलासारखी मांडीला बांधून फिरतो. मी पुढे सरसावून कापलेला दस्ता बघत होतो. बायको मटार सोलत बसली होती, पडद्याकडे तिचं निम्मंच लक्ष.

‘अहो, त्याच्या पट्ट्यातली काडतुसं केवढी मोठी आहेत. ती त्या बंदुकीत जातील कशी?’

जात नाहीत. बंदूक .44-40ची, काडतूस जेमतेम दीड इंचाचं. पट्ट्यात लावलेली .45-70ची, अडीच इंच लांब. ती नुसती रुबाबासाठी. मला हे पुस्तकातून कळलं होतं. तिला पट्टा बघून.