तुम्ही विचारलंत म्हणून: यातून तो प्रकाश दिसतो का?

गच्चीवर दुर्बीण लावली की शनीसाठी रांग लागते. आधी साडेसातीचे विनोद, मग कडी दिसली की "अगंबाई!", आणि मग कोणीतरी मोबाईल पुढे करून विचारतंच, "शनी अतिनील प्रकाशात चमकतो म्हणे. यातून दिसेल का हो?"

नाही दिसणार. शनीच्या वरच्या वातावरणात सुटे हायड्रोजन अणू असतात. त्यांतला इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढून परत तळाला आला की 121.6 नॅनोमीटरचा प्रकाश सुटतो, त्याला लायमन-आल्फा म्हणतात. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाहीच, शिवाय वाटेत हवा त्याला गिळते. समजा खाली पोहोचला, तरी माझ्या दुर्बिणीची भिंगं अडवणार, साधी काच त्याला भिंतच. हबल या अवकाश दुर्बिणीच्या आरशावर तर ॲल्युमिनियमचा ऑक्साइड होऊन हा प्रकाश अडू नये म्हणून मॅग्नेशियम फ्लोराइडचा लेप दिलाय. जाडी जेमतेम 25 नॅनोमीटर!

पण मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. हा प्रकाश दिसला होता, कोणी खरा मानला नव्हता. 1980 आणि 1981 मध्ये दोन्ही व्हॉयेजर यानं शनीजवळून गेली तेव्हा तो अपेक्षेपेक्षा जास्त भरला. उपकरणाचाच गोंगाट असेल, म्हणून विषय बाजूला पडला. पुढे शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानानेही वर्षानुवर्षं मोजलं. पण घरात दोन वजनकाटे असले की आपण कुठल्या काट्यावर विश्वास ठेवतो, ते सांगायला नको.

शेवटी खगोलशास्त्रज्ञ लॉत्फी बेन-जाफेल यांनी हबलच्या वर्णपटमापकाला प्रमाण वजन मानून जुने सगळे काटे जुळवले: दोन्ही व्हॉयेजर, कॅसिनी आणि 1978 चा, अतिनील प्रकाश टिपणारा आययूई उपग्रह. 2023 मध्ये निष्कर्ष आला. काटे जुळवूनही जास्तीचा प्रकाश उरलाच. त्यांचं म्हणणं, कड्यांतले बर्फाचे कण शनीवर पडतात आणि वरचा हायड्रोजन तापवतात. कड्यांतून माल खाली पडतो हे कॅसिनीने 2017 मध्ये शेवटच्या फेऱ्यांत, कडी आणि ग्रह यांच्या मधून जाताना अनुभवलंच होतं.

हे ऐकून एक काकू म्हणाल्या, "म्हणजे कडी झिजतायत! म्हणूनच 2025 मध्ये रेघेएवढी दिसत होती."

रेघेचं कारण ते नाही हो काकू. तेव्हा ती आपल्याकडे कड करून होती.