मिनेसोटातली काळी माती आणि तिच्या पोटातली वाळू

मिनियापोलिसला जाणारी आपली माणसं साधारण ठरलेल्या जागा बघून येतात, मिनेहाहा धबधबा, मॉल ऑफ अमेरिका, जमलं तर वर डुलुथला जाऊन लेक सुपिरियर. मी दादाकडे ॲपल व्हॅलीला गेलो तेव्हा हे सगळं झालंच, पण मला लिहायचंय ते तिथून अर्ध्या तासाच्या आतल्या पट्ट्याबद्दल, रोझमाउंट, एम्पायर, व्हर्मिलियन आणि पुढे मिसिसिपीच्या काठावरचं हेस्टिंग्ज. टुरिस्ट म्हणून तिथे कोणी जात नाही कारण वरवर बघितलं तर सपाट जमीन, मका, सोयाबीन, पुन्हा मका. पण माझा जन्म परभणीकडचा, वडिलांची सगळी हयात काळ्या रानात गेलेली, त्यामुळे गाडीतून उतरल्यावर माझी नजर आधी खाली जाते.

आणि खाली जे होतं ते खरंच बघण्यासारखं होतं.

वहिनी तिकडे एका माती परीक्षण लॅबमध्ये काम करतात. त्यांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या रानात विद्यार्थ्यांना दाखवायला खड्डा खणून ठेवलेला होता, माणूस उभा राहील एवढा खोल, एका बाजूने उतरायला पायऱ्या काढलेल्या. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला धबधब्यापेक्षा हेच आवडेल, चला." दादा वर मक्याच्या सावलीत उभा राहिला आणि आम्ही दोघं खाली उतरलो.

खड्ड्याची भिंत खुरप्यानं नीट तासून घेतली की सगळं दिसतं. वरचा फूट सव्वा फूट एकदम काळा, ओला असताना तर जवळजवळ डांबरासारखा. त्याखाली हळूहळू तपकिरी होत जातो, पण पोत तोच, मऊ, एकसारखा, खडा म्हणून सापडत नाही. आणि मग साधारण अडीच फुटांवर एकदम बदल. बोट वरून खाली फिरवत आणलं तर जिथे रेघ आहे तिथे बोटाला कळतं, वर मैदा आणि खाली रवाळ वाळू, लालसर, मध्ये मध्ये गोल गुळगुळीत गोटे. मी खालून मूठभर वाळू उकरली तर भिंत ढासळायला लागली, वरची माती मात्र तासलेली तशीच उभी.

या मातीला तिकडे वॉकीगन सिल्ट लोम म्हणतात. अमेरिकेत प्रत्येक मातीच्या प्रकाराला असं एखाद्या गावाचं नाहीतर जागेचं नाव असतं आणि सगळ्या देशाचा नकाशा त्या नावांनी भरलेला आहे. वॉकीगनची ओळख म्हणजे वर वीस ते चाळीस इंच पोयटा, म्हणजे ती मैद्यासारखी मऊ माती, आणि त्याच्याखाली बर्फाच्या पाण्यानं आणून टाकलेली वाळू आणि खडी. एवढंच. पण हे जे वीस आणि चाळीसच्या मधलं अंतर आहे ना, त्यावर इथल्या शेतकऱ्याचं सगळं वर्ष ठरतं, त्याकडे येतोच.

आधी हे तयार कसं झालं ते सांगतो कारण त्याशिवाय ती रेघ समजत नाही. शेवटच्या हिमयुगात लेक सुपिरियरच्या बाजूनं बर्फाची एक प्रचंड जीभ इथपर्यंत आली होती. ती वितळायला लागली तेव्हा तिच्या तोंडातून निघालेलं पाणी एका नदीत मावलं नाही, शेकडो फाटे फुटून ते पसरलं आणि सोबत आणलेली खडी, वाळू टाकत टाकत पुढे गेलं, म्हणून तो भाग इतका सपाट. वाळूत लालसर रंग आहे तो सुपिरियरकडच्या खडकांचा, आणि त्यात बेसॉल्टचे गोटेही आहेत. म्हणजे लाव्हाचा खडक, आपल्यासारखाच! फक्त आपला दख्खनचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा आणि हा ११० कोटी वर्षांचा. त्याच्या पोकळ्यांमध्ये तयार झालेले अकीक, लेक सुपिरियर अगेट, या खडीत सापडतात, तो मिनेसोटाचा अधिकृत राज्यरत्न आहे १९६९ पासून. मी आपला गोटे उलटेपालटे करत बसलो पण वहिनींनी वर लक्ष द्यायला लावलं.

तर पाणी ओसरलं, बर्फ मागे हटला, सगळीकडे उघडं रान, गवताची काडी नाही, आणि नद्यांच्या उघड्या पात्रांतून वाऱ्यानं बारीक धूळ उचलली. वाळूपेक्षा बारीक, चिकणमातीपेक्षा जाड, मिलिमीटरचा विसावा हिस्सा किंवा त्याहून लहान असे कण. वाळू जड, ती लांब जात नाही, ही धूळ मात्र उडत उडत येऊन या वाळूच्या मैदानावर बसत गेली. तिला लोएस म्हणतात. म्हणजे खालचं पाण्यानं आणलं आणि वरचं वाऱ्यानं, म्हणूनच ती रेघ इतकी स्पष्ट आहे, दोन वेगळ्या कामांच्या मधली रेघ आहे ती.

काळा रंग मात्र गवतानं दिला. इथे हजारो वर्षं उंच गवताची प्रेअरी, म्हणजे गवताळ मैदान, होतं, बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास, माणूस बुडेल इतकं उंच आणि मुळं जमिनीत सहा-सात फूट आणि त्याहूनही खोल. दरवर्षी त्या मुळांतली बरीच मरतात, जागच्या जागी कुजतात, नवीन येतात. जंगलात पाला वर पडून वरच कुजतो, म्हणून जंगलाच्या मातीत काळा थर पातळ असतो, इथे तो आतून तयार झाला. अधूनमधून वणवे लागायचे, इथले मूळ रहिवासी दाकोटा लोक मुद्दाम लावायचेही, त्यामुळे झाडं वाढू शकली नाहीत आणि गवताचं राज्य टिकलं. १८५१ च्या मेंडोटा करारानं ही जमीन दाकोटांकडून गेली, मग नांगर आला, गहू आला, आणि आज मिनेसोटातल्या मूळ प्रेअरीपैकी टक्का-दीड टक्का उरलीय. तिनं केलेली माती मात्र अजून पिकवतेय.

त्या रानाच्या रिपोर्टमध्ये सेंद्रिय कर्ब दोन टक्क्यांच्या आसपास होता. आमच्याकडे अर्धा टक्का आला तरी लोक बरं म्हणतात. आपली काळी कर्ब कमी असून काळी दिसते, आणि तिचा स्वभावही पूर्ण वेगळा, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही माती तसं काही करत नाही. ओली असताना मुठीत दाबली तर गोळा होतो पण अंगठ्यानं पट्टी काढायला गेलं तर लगेच तुटते, चिकटपणा कमी. पाऊस झाला की लवकर वाफसा येतो, म्हणजे रान कामाला येण्याइतकं सुकतं, कारण खालून वाळू निचरा करते. रानाच्या मालक आजोबांनी सांगितलं की शेजारच्या चिकण रानात ट्रॅक्टर घालायला लोक वाट बघत बसतात तेव्हा यांची पेरणी सुरू झालेली असते.

पण निचऱ्याची गोष्ट वाटते तितकी सरळ नाही आणि मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. आदल्या रात्री चांगला पाऊस झाला होता. मला वाटत होतं वाळू आहे म्हटल्यावर पाणी रेघेपर्यंत आलं की धाडकन खाली जात असेल. वहिनी म्हणाल्या हात लावून बघा. रेघेच्या अगदी वरचे तीन-चार इंच सगळ्यात ओले होते, दाबलं तर बोटांवर पाणी चमकत होतं, आणि त्याच्या खालची वाळू जवळजवळ कोरडी! कारण असं की पोयट्यातल्या बारीक बारीक फटी पाणी घट्ट धरून ठेवतात, वाळूतल्या फटी मोठ्या, त्यांना ते ओढून घेता येत नाही. म्हणून पाणी काठावर येऊन थांबतं, वरचा थर अगदी तुडुंब भरत आला की मगच सोडतं, आणि तेही सगळीकडून सारखं नाही, इथून एक धार तिथून एक धार. म्हणजे खाली वाळू असल्यामुळे वरची माती नुसत्या खोल पोयट्यापेक्षा थोडं जास्तच पाणी धरून ठेवते. मी कितीतरी वेळ त्या रेघेवर हात ठेवून उभा होतो.

मक्याची मुळंही तसंच सांगत होती. रेघेपर्यंत पांढऱ्या मुळांचं जाळं, तिथे आल्यावर बरीचशी आडवी वळलेली, वाळूत उतरलेली अगदी थोडी.

आता वीस आणि चाळीस इंचांचा हिशोब. असा पोयटा फुटाला साधारण दोन इंच पाणी पिकासाठी धरतो, खालची वाळू अर्धा-पाऊण इंच. तुरा येण्याच्या वेळी मका दिवसाला पाव इंच पाणी ओढतो, कडक ऊन असेल तर जास्त. चाळीस इंच असेल तर साडेसहा इंच पाणी साठ्यात, वीस इंच असेल तर साडेतीनला थोडं कमी, आणि त्यातलं निम्मं संपलं की पीक ताण दाखवायला लागतं. म्हणजे एका ठिकाणी तेरा दिवस निघतात आणि दुसऱ्या ठिकाणी आठवड्यातच पानं वळायला लागतात. एकाच शेतात! वरून दोन्हीकडे तोच काळा रंग. आजोबांनी लांबून दाखवलं, एका चढावर मक्याचा पट्टा राखाडी दिसत होता, पानं सुरळी झालेली, तिथे पोयटा पातळ आहे. आपल्याकडे हलकी, मध्यम, भारी म्हणताना शेतकरी मुरमापर्यंतची खोलीच मोजत असतो, तोच विचार इथेही, फक्त मुरमाच्या जागी वाळू. पूर्वेकडे हेस्टिंग्जच्या बाजूला जिथे वाळू आणखी वर येते तिथे म्हणूनच मोठे मोठे गोल फिरून पिकाला पाणी देणारे पिव्हट दिसतात.

या मातीची दुसरी बाजू पाण्यात दिसते. वाळूतून गेलेलं पाणी खाली भूजलात जातं आणि सोबत पिकानं न घेतलेलं नायट्रेटही. या भागातल्या बऱ्याच खासगी बोअरमध्ये नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या, म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम नायट्रोजनच्या, वर निघालंय आणि हेस्टिंग्ज शहराला तर ते काढायला वेगळा प्लांट बसवावा लागला. तान्ह्या बाळांना असं पाणी धोक्याचं असतं. २०१९ मध्ये राज्यानं नियम केला की अशा झिरपणाऱ्या जमिनींवर शरद ऋतूत नत्र खत टाकायचं नाही, कारण पीक उभं नसताना टाकलेलं खत वसंतातल्या पाण्याबरोबर सरळ खाली जातं. आजोबा खत आता हप्त्यानं देतात आणि मका काढला की राय (गव्हासारखं एक धान्य) पेरतात, हिवाळ्याआधी जेवढं नायट्रेट मुळांत अडकेल तेवढं अडकवायला. मला हे मनापासून पटलं. आणि हेच भूजल पुढे व्हर्मिलियन नदीत थंडगार निघतं, म्हणून शहराच्या इतक्या जवळ असूनही त्या नदीत ब्राउन ट्राउट जगतो.

परत येताना रोझमाउंटच्या यूमोर पार्कच्या बाजूनं आलो. १९४२ मध्ये सरकारनं युद्धासाठी बंदुकीच्या दारूचा कारखाना काढायला इथल्या शेतकरी कुटुंबांकडून जमिनी घेतल्या, युद्ध संपल्यावर त्या मिनेसोटा युनिव्हर्सिटीकडे आल्या, काँक्रीटचे जुने सांगाडे अजून रानात उभे आहेत. त्याच भागात खडीच्या खाणी चालू आहेत. खाणीच्या कडेला तोच छेद दिसतो जो आम्ही खड्ड्यात बघितला होता, पण खडीवाल्यांच्या हिशोबात वरची काळी माती म्हणजे ओव्हरबर्डन, आधी बाजूला सारायचा बोजा. खडी लागतेच, रस्ते आणि घरं त्याशिवाय होत नाहीत, हे मला कळतं. नंतर माती परत पसरतात हेही कळतं. पण पाणी धरणारी ती रेघ पोकलेननं परत आखता येत नाही, आणि ढिगारा बघून मला फार वाईट वाटलं.

कोणाला जायचं असेल तर शेजारीच व्हर्मिलियन हायलँड्स नावाचं रान आहे, लोकांसाठी खुलं, पायवाटा आहेत. फोनवर सॉइलवेब नावाचं फुकट ॲप टाकून घ्या, उभं असाल तिथली माती आणि तिचे थर चित्रासकट दाखवतं. ऑगस्टच्या कोरड्या आठवड्यात गेलात तर पातळ पोयट्याचे पट्टे मक्यात गाडीतूनच दिसतील. काळा रंग बघायचा असेल तर एप्रिल-मे, पेरणीच्या आधी, तेव्हा रान उघडं असतं. शेतात शिरायच्या आधी मालकाला विचारा, आणि कोणी खड्डा दाखवला तर आत उतरून रेघेला हात लावाच.