ट्रायकोकार्ड : लॅबपासून उसाच्या रानापर्यंत, माझा अनुभव

एम.एस्सी. अ‍ॅग्रीला कीटकशास्त्र घेतलं तेव्हापासून गावाकडं गेलं की हमखास एक प्रश्न येतो, ते ट्रायकोकार्ड (ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाची वाढ आत सुरू असलेली पतंगाची अंडी चिकटवलेलं कागदी कार्ड) खरंच चालतं का गं? चालतं. माझा थीसिसच त्यावर होता, उसाच्या खोडकिडीवर, आणि त्या निमित्ताने कार्ड विकत न आणता पार शून्यापासून स्वतः बनवायला शिकले, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. कारण बऱ्याच जणांना वाटतं की हे बाटलीतल्या औषधासारखं आहे, कीड दिसली की आणायचं आणि मारायचं. तसं नाहीये. हा जिवंत माल आहे आणि त्याची वेळ चुकली तर कितीही चांगलं कार्ड असो, उपयोग शून्य.

आधी थोडं बेसिक. ट्रायकोग्रामा म्हणजे गांधीलमाशीच्या गटातला अगदी बारीक कीटक, साधारण अर्धा मिलिमीटर, उसासाठी त्यातली ट्रायकोग्रामा चिलोनिस ही जात वापरतात. मादी पतंगाच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते, आतली अळी तिथंच वाढते, आणि त्या अंड्यातून किडीची अळी बाहेर यायच्या ऐवजी आपला मित्रकीटकच बाहेर पडतो. म्हणजे हल्ला फक्त अंड्यावर. खोडकिडीची अळी एकदा का कोंबात शिरली की ट्रायकोग्रामा तिचं काही करू शकत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढचं सगळं यावरच अवलंबून आहे.

आता एवढे कीटक तयार करायचे तर एवढी अंडी पाहिजेत, आणि खोडकिडीची अंडी कुठून आणणार? म्हणून धान्यातला पतंग पाळतात, कॉर्सिरा. त्याचं खाद्य म्हणजे ज्वारीचा भरडा. भरडा आधी ओव्हनमध्ये चांगला तापवून घ्यायचा म्हणजे त्यात असलेले सोंडे, पोरकिडे, माइट्स मरतात, गार झाला की शेंगदाण्याचा कूट, थोडं यीस्ट, माइट्स होऊ नयेत म्हणून गंधक, आणि मग त्यावर कॉर्सिराची अंडी टाकून टोपल्या मापाच्या कापडाने घट्ट बांधायच्या. अळ्या भरड्याला जाळी करून गोळे गोळे करतात. पतंग निघायला चाळीसेक दिवस तरी लागतात, थंडीत अजून जास्त. म्हणजे मार्चमध्ये कार्ड पाहिजे असेल तर जानेवारीतच टोपल्या भरून तयार पाहिजेत, हा हिशोब मला पहिल्यांदा गाईड सरांनी कॅलेंडरवर उलटं मोजत दाखवला होता.

पतंग निघायला लागले की रोज सकाळी गोळा करायचे. हे काम दिसायला सोपं पण सगळ्यात त्रासाचं, कारण पतंगांच्या पंखांवरचे खवले उडतात आणि श्वासात जातात. मास्क लावल्याशिवाय त्या खोलीत जायचंच नाही, आमच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्या मावशींना कायम खोकला असायचा, मास्क त्यांच्यासाठीही असायलाच पाहिजे, फक्त विद्यार्थ्यांसाठी नाही, हे मी तेव्हाही बोलले होते आणि आताही म्हणते.

आणि मग ब्रॅकॉन, अळ्यांवर जगणारी एक छोटी परजीवी माशी. ऐन भरात असताना एका टोपलीतल्या अळ्या मलूल दिसायला लागल्या, जाळीत पडून, हलत नव्हत्या. भिंगाखाली धरल्या तर अळीच्या अंगाला चिकटलेली बारीक पांढरट पिल्लं, तिचंच शोषण करत बसलेली, आणि कापडावर छोट्या पिवळसर काळ्या माश्या. ब्रॅकॉन हासुद्धा मित्रकीटकच, नारळावरच्या काळ्या डोक्याच्या अळीसाठी ब्रॅकॉन मुद्दाम वाढवून सोडतात. पण आमच्या खोलीत त्याने कॉर्सिरा संपवला. मादी आधी डंख मारून अळीला लुळं करते आणि मग अंडी घालते, त्यामुळं एकदा शिरकाव झाला की फार वेगात पसरतं. लागण झालेल्या टोपल्या बाहेर काढून नष्ट केल्या, खिडक्यांना बारीक जाळी बसवली, कॉर्सिराची खोली आणि कार्डाची खोली वेगळी केली, तेव्हा कुठं आटोक्यात आलं.

अंडी गोळा झाल्यावर चाळून खवले-पाय काढायचे आणि अंड्यांना यूव्ही दिवा दाखवायचा. याने आतला गर्भ मरतो पण अंडं ताजं राहतं. हे नाही केलं तर कॉर्सिराच्याच अळ्या बाहेर येऊन कार्डावरची बाकी अंडी खातात. मग कार्डावर डिंकाचं पातळ पाणी फिरवायचं आणि चहाच्या गाळणीतून अंडी भुरभुरायची, एकावर एक थर नको, एकच थर. एक सीसी म्हणजे साधारण अठरा-वीस हजार अंडी, ती एका कार्डाला. सुकलं की पिशवीत घालून सोबत ज्यातून ट्रायकोग्रामा निघतायत असं जुनं कार्ड ठेवायचं.

मायक्रोस्कोपखाली ते बघणं मला आजही आवडतं. मादी अंड्यावर चढते, मिशांनी वरून टकटक करत सगळं फिरते, मापच घेते जणू, मग एका जागी थांबून खालून सुई टोचते आणि बराच वेळ हलत नाही. आधी कुणी अंडं घालून गेलं असेल तर बहुतेक वेळा ती सोडून पुढं जाते. तीन-चार दिवसांत पांढरी अंडी काळी पडतात आणि तेव्हाच कार्ड तयार झालं म्हणायचं. काळी पडल्यावर फ्रिजमध्ये काही दिवस थांबवता येतात, पण कायमची नाही.

रानातलं काम सुरू ऊस (जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला) घेतलेल्या शेतकऱ्यांकडं करायचं होतं, कारण मार्च ते मे उन्हात लहान उसावर खोडकीड जास्त. प्लॉट द्यायला कुणी तयार होईना. शेवटी आमच्याच गावातले एक काका हो म्हणाले. त्यांनी कार्ड हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि म्हणाले, "पोरी, ह्या कागदावर काय हाय न्हाय तेच दिसंना. पण लोकरी माव्याच्या वक्ताला मी डोळ्यांनी बघितलंय, लाव तू." ते २००२ सालचं बोलत होते. त्या वर्षी सांगली भागात उसावर लोकरी मावा (पानांचा रस शोषणारी, अंगावर पांढरी लोकर असलेली कीड) आला आणि मग महाराष्ट्र, कर्नाटकभर पसरला, फवारून फवारून लोक थकले. शेवटी तो आटोक्यात आणण्यात मावा खाणाऱ्या दोन मित्रकीटकांचा, म्हणजे डिफाच्या अळ्यांचा (लोक तेव्हा कोनोबाथ्रा म्हणायचे) आणि मायक्रोमसचा, मोठा वाटा होता, ज्यांच्या उसात त्या अळ्या होत्या तिथली पानं कापून लोक दुसऱ्याच्या रानात नेऊन लावायचे. काकांनीही नेली होती. त्यांना मित्रकीटक समजवायची गरजच नव्हती.

कार्ड लावायची वेळ ठरवायला आम्ही कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढून घेणारे) लावले. सापळ्यात पतंग दिसायला लागले म्हणजे आता अंडी पडणार. खोडकिडीची अंडी पानाच्या खालच्या बाजूला चपटी, एकावर एक चढलेल्या रांगेत असतात, बसून पानं उलटी करून बघितल्याशिवाय दिसत नाहीत, आणि चार-सहा दिवसांत उबतात. एवढीच काय ती खिडकी. म्हणून एकदा लावून भागत नाही, दर दहा दिवसांनी परत लावायचं, एकरी एक कार्ड, पट्ट्या कापून सगळ्या रानात विखरून, कारण हा कीटक स्वतःहून फार लांब जात नाही. पट्टी पानाच्या खाली स्टेपल करायची, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर. कार्डातून ट्रायकोग्रामाच्या माश्या निघायच्या एक दिवस आधी लावलं तर उत्तम, लवकर लावलं तर मुंग्या खातात. एका कोपऱ्यातल्या पट्ट्या मुंग्यांनी पार साफ केल्या होत्या, फक्त डिंकाचे डाग उरले.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो शेजारच्या फवारणीचा. कार्ड लावलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाजूच्या रानात कीटकनाशक मारलं गेलं आणि वारा आमच्याकडं. त्या बाजूच्या ओळींत ट्रायकोग्रामाने अंडं घातलेली, काळी पडलेली खोडकिडीची अंडी जवळजवळ सापडलीच नाहीत. तेव्हापासून मी शेजारच्यांना आधी भेटायचे, तारीख सांगायचे, मगच पट्ट्या लावायचे.

पोंगेमर (खोडकिडीने उसाचा मधला कोंब, म्हणजे पोंगा, सुकून मरणं) मोजताना फरक स्पष्ट दिसत होता. मेलेला पोंगा ओढला की अलगद निघतो आणि कुजका वास येतो, त्यामुळं ओळखायला अडचण नाही. कार्ड लावलेल्या भागात पोंगेमर कमी होती, बाळबांधणी (लहान उसाच्या बुडाला हलकी माती लावणं) वेळेवर झाली तिथं तर अजून कमी. शेजारच्या फवारणीच्या कडेला मात्र फरक जवळपास नव्हताच, आणि थीसिसमध्ये मी तो भाग वेगळा करून जसाच्या तसा दाखवला.

विकत घेणाऱ्यांनी एवढं बघा : कार्डावर अंडी काळी पाहिजेत, माश्या निघायची तारीख लिहिलेली पाहिजे, आणि दुकानदाराने कार्ड उन्हात काउंटरवर ठेवलेलं नसावं. मला एका दुकानात तारीख उलटलेली कार्डं मिळाली होती, भिंगातून बघितलं तर अंड्यांना गोल भोकं, म्हणजे माश्या कधीच उडून गेलेल्या. घरी आणल्यावर एक छोटा तुकडा काचेच्या बाटलीत घालून तोंडाला कापूस लावून सावलीत ठेवा. सांगितलेल्या तारखेला बाटलीत बारीक ठिपके फिरताना दिसले तर रानातलंही निघालंय असं समजा, नाही दिसले तर त्याच दिवशी दुकानदाराला फोन करून दुसरं कार्ड मागा, पुढच्या दहा दिवसांची वाट बघू नका.