डोंगर उजव्या हाताला

"उजवा हात डोंगराकडं ठेवायचा, म्हणजे माणूस चुकत नाही," मामा म्हणाले. रविवारी रात्री साडेअकराला, कुशावर्ताच्या पायऱ्यांवर. मला डोंगरच दिसत नव्हता. ढग खाली कौलांपर्यंत उतरलेले, पाऊस आडवा, आणि कुंडात बुडी मारून आलेल्यांच्या अंगातून वाफा निघत होत्या.

श्रावणातला तिसरा सोमवार म्हणजे त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी. प्रदक्षिणा म्हणतात ते बातमीत. चालणाऱ्याच्या तोंडी फेरीच. लहान फेरी 20 किलोमीटरची, मोठी 40 ची. मी मोठीचं नाव काढल्यावर मामींनी एकदा माझ्या पायांकडे बघितलं आणि विषय संपला. मामा निफाडकडचे, माळकरी. त्यांची खरी वारी पौषातली, वद्य एकादशीची, निवृत्तिनाथांच्या समाधीला दिंडीबरोबर येण्याची. ही फेरी ते "पाय मोकळे करायला" करतात. वय वर्षं चौसष्ट.

चपला पिशवीत टाकल्या. पेगलवाडीच्या फाट्यापर्यंत ओलं डांबर तळव्यांना गार लागत होतं, मजा वाटली. पहिन्याच्या रस्त्याला वळलो, बारीक खडी लागली आणि मजा संपली. तेव्हा मामींनी युक्ती सांगितली: टाच आपटायची नाही, पाऊल सपाट टेकवायचं आणि कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून चालायचं. रंगामुळे तो गुळगुळीत असतो. एवढा रुंद रस्ता सोडून माणसं त्या चार बोटांच्या पट्ट्यावर मुंग्यांसारखी एकामागं एक का चालली होती, ते मग कळलं.

अंधार, पाण्याचा आवाज आणि पुढच्याच्या पाठीवरचं मेणकापड, एवढंच दिसत होतं नि ऐकू येत होतं. मधूनच "बम बम भोले"ची आरोळी पुढून यायची, आपल्यावरून जायची, मागे विरायची. ते छान. पण काही पोरं खांद्यावर स्पीकर घेऊन चालतात, त्यांचं काय करावं कळत नाही. शंकराच्या नावानं का होईना, दणदणाट तो दणदणाटच. शिवाय दर चहाच्या टपरीपाशी ओढ्यात कागदी कपांचा थर.

पहिन्यात रात्री दोनला मामा हरवले. मोबाइलला रेंज नाही. मामी शांतपणे दगडावर बसून केळं खात होत्या. मला मात्र राहून राहून ती कथाच आठवत होती. विठ्ठलपंत बायकामुलांना घेऊन याच डोंगराच्या प्रदक्षिणेला निघाले, वाघ आडवा आला, पळापळीत निवृत्ती मागे राहिला आणि गुहेत शिरला. तिथं त्याला गहिनीनाथ भेटले, उपदेश मिळाला. पुढे निवृत्तीनं तो ज्ञानदेवांना दिला. म्हणजे एका पोराची फेरीत चुकामूक झाली म्हणून पुढचं सगळं घडलं.

वीस मिनिटांनी मामा मागून आले. मी जरा चिडूनच विचारलं, "मामा, होता कुठं तुम्ही?"

"आम्हाला कुठला वाघ भेटतोय? गावचा पाव्हणा भेटला. भजी खाल्ली."

"सोमवार लागला की," मामी म्हणाल्या.

मामांनी मिशा पुसल्या.

धाडोशीच्या बाजूला उजाडलं. लावणी उरकलेली भातखाचरं, बांधावरून खाली उतरणारं पाणी, आणि दारात चूल मांडून कणसं भाजणाऱ्या बाया. माझे तळवे पाण्यात राहून पांढरे, सुरकुतलेले. उजवीकडे पाहिलं, नुसतं धुकं. ज्याच्याभोवती सात तास चालतोय, त्याचा साधा कडाही दिसेना. मामांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. ते हरिपाठ म्हणत होते, उजवा हात मधून मधून उगाच हवेत वर जात होता.

सापगावावरून त्र्यंबकात आलो तेव्हा दर्शनाची रांग पार बाहेर रस्त्यावर आलेली. नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेलं ते काळ्या पाषाणाचं देऊळ पावसात आणखी काळं दिसत होतं. आत पिंडीच्या खळग्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं आहेत, ब्रह्मा, विष्णू, महेश. मामा म्हणाले, "कळसाला हात जोडू. रांगेत उभं राहायला पाय हायेत का?" नव्हते.

नाशिकच्या एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. मामींनी माझा पाय ओढून मांडीवर घेतला, पदराची सेफ्टी पिन काढली आणि टाचेतला काटा कोरायला लागल्या. मी कळवळलो. "हालू नको," त्या म्हणाल्या, "मामा बघ कसे झोपलेत." मामा समोरच्या दांड्यावर डोकं टेकून घोरत होते, आणि मागच्या काचेत, धुकं बाजूला सारून, ब्रह्मगिरी अख्खा उभा होता. मी मामांना उठवणार होतो, तोवर गाडी वळली.